ट्रेवर झाकण टाकलंत? मग केबलचं गणित परत करा

डिप्लोमा करून, वर्षभर साइटवर घाम गाळून आता डिझाइनच्या टेबलावर बसलेली पोरं विचारतात, दादा केबल सायझिंगमध्ये, म्हणजे लोडला किती जाडीची केबल घ्यायची हे ठरवताना, काय सांभाळू. व्होल्टेज ड्रॉप, शॉर्ट सर्किट वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालतो. मी जिथे तोंडावर आपटलो तेवढंच सांगतो. केबल ज्या पत्र्याच्या पन्हळीत टाकतात त्या ट्रेचं झाकण.

मी चिपळूणकडचा, काम लोटे पट्ट्यातल्या एका कारखान्याचं, नाव नाही घेत. मालक परदेशी म्हणून डिझाइन अमेरिकन कोडवर. आणि एनईसी, म्हणजे नॅशनल इलेक्ट्रिकल कोड, म्हटलं की आपल्याकडे दोन निघतात, भारताच्या बीआयएसचं एसपी 30 आणि अमेरिकेचं एनएफपीए 70. मी पहिले चार दिवस चुकीचं पुस्तक उघडून बसलो होतो, हसा खुशाल.

तर फीडर, म्हणजे वीज पुढे नेणारी मुख्य केबल लाइन, होता 372 अँपिअर लोडचा. सिंगल कोअर (एका केबलमध्ये एकच तार) कॉपर, 500 एमसीएम, हे अमेरिकन जाडीचं माप, म्हणजे साधारण 253 स्क्वेअर एमएम, 90 डिग्रीचं इन्सुलेशन, केबल एकमेकींना चिकटून. कोडच्या टेबल 310.17 मध्ये, म्हणजे मोकळ्या हवेतल्या केबलच्या टेबलात, तिला 700 अँपिअर. उघड्या ट्रेत या साइजला त्याचे 65 टक्के, 455. ते टेबल 30 डिग्री हवेचं, आम्ही हवा 45 धरलेली, म्हणून तापमानाचा फॅक्टर, गुणिले 0.87, आले 396. पण केबल जिथे जोडतात ते टर्मिनल 75 डिग्रीपर्यंतच चालणारं, त्यामुळे टेबल 310.16 (पाइपातल्या किंवा जमिनीतल्या केबलचं) च्या 75 च्या कॉलमचे 380 हीच वरची हद्द. 380 मोठे, 372 लहान, पास. मी शीट सही करून पाठवली आणि लई भारी वाटलं.

पावसाळ्याच्या तोंडावर साइटवाल्यांनी रॅकवरच्या अख्ख्या ट्रेला जीआयची सपाट बंद झाकणं ठोकली. कारण काय, तर खारी हवा, पालापाचोळा, कावळ्यांची घाण. मला कोणी विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. एकदा संध्याकाळी सातला तिकडून जात होतो तर आमचा जुना फिटर म्हणाला, "साहेब, हात लावून बगा." ऊन कधीच उतरलेलं, बाजूच्या रिकाम्या ट्रेचं झाकण गार आणि आमचं मात्र तव्यासारखं. हात पटकन मागे घेतला मी. ब्रेकर 400 चा, तो कशाला ट्रिप होतोय.

घरी येऊन त्याच कोडचं ट्रेबद्दलचं कलम 392.80 नीट वाचलं. ट्रे सलग 1.8 मीटरपेक्षा, म्हणजे 6 फुटांपेक्षा जास्त लांब, हवा न जाणाऱ्या बंद झाकणाने झाकली असेल तर 1/0 (हेही अमेरिकन माप, 500 एमसीएमपेक्षा बारीक) ते 500 एमसीएमच्या सिंगल कोअरला 65 नाही, 60 टक्के. 600 एमसीएम आणि वरच्यांना 75 चे 70. माझे 700 चे झाले 420, गुणिले 0.87, म्हणजे 365. लोड 372. गेलं.

आता हे दोनदा वाचा. आपल्याकडे ट्रेचा एक पीस अडीच मीटरचा येतो, म्हणजे एकच झाकण टाकलंत तरी 1.8 ची हद्द ओलांडली. "थोडंसंच झाकलंय" असं काही नसतं. केबलची उष्णता वर जाणाऱ्या हवेबरोबर निघून जाते, तुम्ही वर पत्रा ठोकला की ती आतच घुटमळते, एवढीच गोष्ट आहे. एका व्यासाचं अंतर ठेवून एका थरात टाकल्यावर 310.17 चे पूर्ण 100 टक्के मिळतात ना, तेही फक्त उघड्या ट्रेत. झाकण आलं की ती सवलत संपली.

मल्टिकोअरचं, म्हणजे एका केबलमध्ये अनेक तारा असतात तिचं, वेगळं. तिथे आधार 310.16 चा, जुन्या आवृत्तीत त्यालाच 310.15(बी)(16) म्हणायचे, आणि बंद झाकणाखाली त्याचे 95 टक्के. कंडक्टर मोजायचे ते त्या एका केबलमधले, करंट वाहणारे तीनपेक्षा जास्त असतील तरच पुढचं डीरेटिंग, म्हणजे क्षमता आणखी कमी धरणं. अख्ख्या ट्रेतल्या तारा मोजत बसू नका, मी एकदा मोजल्या होत्या आणि केबल दुप्पट आली होती, परचेसवाला अजून टोमणे मारतो. आणि आपल्या कंपन्यांच्या कॅटलॉगात हवेतलं रेटिंग 40 डिग्रीला असतं, त्याला अमेरिकन टेबलाचा तापमानाचा फॅक्टर लावलात तर दोन घरची भाजी एकाच पातेल्यात.

शॉर्टकटबद्दल माझं मत वाईट आहे. "सरसकट 0.8 घे रे, चालतंय" म्हणणारे सिनिअर प्रत्येक ऑफिसात असतात, माणसं प्रेमळ असतात, चहा पाजतात, पण तो 0.8 कुठून आला विचारलं की गप्प. आणि वारशाने आलेली एक्सेल शीट तर नकोच, आमच्या शीटमध्ये झाकणाचा कॉलमच नव्हता. मला खरं शिकवलं त्या फिटरने, ज्याने कोड कधी बघितला नाही.

घाबरू नका पण. काही जळलं नाही, नोकरी गेली नाही. क्लायंटच्या माणसाला मीच मेल टाकला, त्याची एक ओळ आली, "रिव्हाइज". जाळीची, हवा जाणारी झाकणं टाकली, केबल तीच राहिली कारण गणित परत उघड्या ट्रेच्या 65 वर आलं, फक्त उन्हाला टिकणारी केबल आहे ना ते बघून घेतलं. एकूण तीन आठवडे गेले, त्यातला एक नुसता झाकणांची ऑर्डर पास होण्यात.

ड्रॉइंगवर आता मी मोठ्या अक्षरात लिहितो, बंद झाकण टाकू नये, टाकायचं असेल तर आधी मला विचारा. तरी गेल्या मे महिन्यात स्टोअरमध्ये सपाट पत्र्यांची नवी थप्पी दिसली. पाऊस येतोय ना साहेब, म्हणाले. उभ्या उभ्या परत पाठवली.