लेकराला 'गावाला गेली' असं सांगू नका

मी बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर अंगणवाडी सेविका आहे. 21 वर्षं झाली. दसरा झाला की आमच्याकडून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी सोलापूरकडं, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच खर्चून झालेली असते, त्यामुळं जायचं का नाही हे घरात कुणी विचारत नाही. लेकरू न्यायचं का ठेवायचं, एवढंच ठरवायचं असतं. नेलं तर ते फडात पाचटावर बसतं, ठेवलं तर आजीजवळ राहतं. माझ्याकडं तीन ते सहा वर्षांची लेकरं येतात. दिवाळीनंतर त्यातली निम्मी अशी मागं राहिलेली असतात.

हे मी त्यांना सांभाळणाऱ्या आजी, आत्या, काकूंसाठी लिहितेय. आजीला वाचता येत नसेल तर घरातल्या कुणीतरी तिला वाचून दाखवा.

सगळ्यात आधी एका शब्दाबद्दल. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीवर एक आजोबा वारले. त्यांचा नातू चार वर्षांचा. घरच्यांनी त्याला सांगितलं, "आबा गावाला गेले." आदल्या वर्षी त्याचे आईबाप ऊसतोडीला गेले होते तेव्हाही हेच सांगितलं होतं, आणि ते गुढीपाडव्याला परत आले होते. लेकरानं हिशोब बरोबर केला. पाडव्याच्या सुमाराला गाड्या यायला लागल्या तेव्हा तो प्रत्येक गाडीमागं पळायचा आणि उतरणाऱ्या माणसांना विचारायचा, "आबा कोणत्या गाडीत हायेत?" पुढच्या दसऱ्याला आई बोचकं बांधत म्हणाली, "गावाला जाऊन येते रं." त्यानं तिच्या हाताला कडकडून चावा घेतला. लोक म्हणाले, पोरगं बिघडलं. पण त्याच्या लेखी गाव म्हणजे अशी जागा, जिथून कुणी येतं आणि कुणी कधीच येत नाही. आई कोणत्या गावाला चाललीय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी घरोघर एकच सांगते. परत येणाऱ्या माणसासाठी एक शब्द ठेवा, न येणाऱ्यासाठी दुसरा, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरा. आई गेली तर, "कारखान्याला गेली, ऊस तोडायला. काम संपलं की येणार." आजी गेली तर, "आजी मेली. ती परत येणार नाही." दुसरं वाक्य म्हणताना तोंड अडखळतं. तरी म्हणा. ते कसं म्हणायचं हे पुढं लिहिलंय.

आई निघते तेव्हा

झोपेतल्या लेकराला सोडून जाऊ नका. गाड्या बऱ्याचदा रात्री निघतात, आणि आईलाही वाटतं की रडणं बघायला नको. एक आई अशीच गेली. तिची पोरगी नंतर दुपारी झोपेना. डोळा लागला की दचकून उठायची आणि आजी जागेवर आहे का बघायची. रात्री आजीच्या लुगड्याचं टोक मुठीत धरूनच झोपायची. झोपलं की माणूस जातं, एवढं तिला कळलं होतं. रात्री निघायचं असेल तर लेकराला उठवा, जवळ घ्या, सांगा आणि मग निघा. ते रडेल. रडू द्या. लगेच हातात बिस्कीटपुडा देऊन गप्प करू नका.

चार-पाच दिवस आधीपासून सांगायला लागा. महिनाभर आधी सांगितलं तर एवढ्या लहान लेकराला ते पेलत नाही. सांगताना आईचं काम सांगा: ऊस तोडायचा, मोळी बांधायची, गाडी भरायची, मग त्याची साखर होते. आणि त्याहून गरजेचं म्हणजे त्याला जेवू कोण घालणार, त्याच्या शेजारी कोण झोपणार, अंगणवाडीत कोण सोडणार. लेकराची मोठी भीती तीच असते, फक्त त्याला ती विचारता येत नाही.

आईचं एखादं नेसून मऊ झालेलं पातळ मागं ठेवा आणि ते धुऊ नका. त्याला आईचा वास असतो. आमच्याकडं काही आज्या त्याची वाकळ शिवतात, पण शिवायच्या आधी धुतात. ते टाळा. लेकरानंही आईच्या बोचक्यात आपलं काहीतरी टाकावं. एका पोरीनं बाटलीचं बूच दिलं होतं. आई ते पाच महिने कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, दिव्याजवळ ठेवून होती, आणि फोनवर रोज नाही पण आठवणीनं सांगायची, "तुझं बूच हाय बरं का इथं."

चिंचोक्यांचा डबा

पाच महिने म्हणजे किती हे चार वर्षांच्या लेकराला समजत नाही. म्हणून मी चिंचोके वापरते. पहिल्यांदा मी चूक केली. दीडशे चिंचोके एका डब्यात भरले आणि रोज एक काढायला लावला, संपले की आई येणार म्हणून. पण कारखान्याचा पट्टा कधी पडेल, म्हणजे हंगाम कधी संपेल, हे कुणाच्या हातात नसतं. त्या वर्षी ऊस जास्त होता. डबा रिकामा झाला आणि आई आली नाही. ते लेकरू रिकामा डबा हलवून बघत बसलेलं मला अजून दिसतं. मी त्याला खोटं सांगितलं, असंच त्याला वाटलं असणार.

आता मी उलटं करते. रिकामा डबा घ्यायचा आणि रोज सकाळी एक चिंचोका टाकायचा. आई आल्यावर डबा तिला दाखवायचा: इतके दिवस मी तुझ्याविना काढले. उशीर झाला तरी काही मोडत नाही, डबा फक्त जड होतो. परत यायची तारीख कधीच सांगू नका. सण सांगा. आधी संक्रांत, मग शिवरात्र, मग होळी, आणि होळीच्या पुढं आईची गाडी. सण लेकराला कळतात, कारण सणाला खायला वेगळं असतं.

फोनचं थोडक्यात. तोडीवरची माणसं पहाटे चारला फडात असतात, गाडी भरायची तर रात्र होते, आणि कोपीवर रेंज असेलच असं नाही. म्हणून "आज आईचा फोन येणार" असं आधी सांगू नका, वाजला की बोलवा. लेकरू दोन शब्द बोलून खेळायला पळालं तर ओढून आणू नका. आईनं "मला इसरलास का?" असं विचारू नये. आज भाजी काय केली, कोपीजवळच्या कुत्रीला किती पिल्लं झाली, हे सांगावं. फोननंतर लेकरू रडतं म्हणून काही घरं फोन बंदच करतात. तसं करू नका. ते रडणं आईशी नातं टिकून असल्याचं लक्षण आहे.

आणि एक वाक्य घरातून कायमचं काढून टाका: "खोड्या केल्यास तर आई येणार नाही." लेकरू ते खरं मानतं. मग कुणी उशिरा आलं, कुणी मेलं, तरी ते स्वतःलाच दोष देतं.

घरात मयत झाल्यावर

"झोपली" म्हणाल तर लेकरू झोपेला भ्यायला लागतं. "देवानं नेलं" म्हणाल तर देवावर चिडतं. माझ्या अंगणवाडीतली एक पोर प्रार्थनेला हात जोडेना, कारण देवानं तिच्या आजीला ठेवून घेतलं होतं. माझीही पांडुरंगावर श्रद्धा आहे आणि घरची श्रद्धा लेकराला सांगू नका असं मी म्हणत नाही. पण आधी साधी गोष्ट सांगा, श्रद्धा त्याच्यानंतर.

लेकराच्या रोजच्या ओळखीच्या माणसानं, बसून, त्याला मांडीवर किंवा जवळ घेऊन सांगावं. मी असं सांगते: "आजी मेली. मेली म्हणजे तिचं शरीर चालायचं बंद झालं. आता तिला श्वास नाही, भूक नाही, थंडी वाजत नाही, काही दुखत नाही. ती परत येणार नाही. आपल्याला रडू येतंय कारण आपल्याला ती हवी होती." 'मेली' हा शब्द मोठ्यांना कानाला कडू लागतो. पण खेड्यातल्या लेकरानं मेलेलं करडू पाहिलेलं असतं, 'वारली' किंवा 'देवाज्ञा झाली' त्याला कळत नाही. एकानं मला विचारलं होतं, "आपलं करडू मेलं तसं?" मी म्हणाले, हो, तसंच. त्यानं मान हलवली आणि खेळायला गेला. दोन तासांनी येऊन विचारलं, "मग आजी उद्या येईल?" पाच वर्षांच्या आतल्या लेकराचं असंच असतं. मरण म्हणजे कायमचं, हे त्याच्या डोक्यात एकदम बसत नाही. ते दहादा विचारेल. दहाही वेळा तेच उत्तर, त्याच शब्दांत, न चिडता.

मातीच्या वेळी लेकरांना शेजारी पाठवायची आपली रीत आहे. माझं मत वेगळं आहे. लेकराला विचारावं. आजीला शेवटचं बघायचं असेल तर आधी सांगावं की ती अंगणात निजवलेली दिसेल, अंगावर हार असतील, बाया मोठ्यानं रडतील. आणि त्या दिवशी एकच माणूस फक्त त्या लेकरासाठी ठेवावा, ज्याला दुसरं काम नाही, आणि लेकरू म्हणालं की त्याला बाजूला नेता येईल. नको म्हणालं तर जबरदस्ती नको, पाया पडायलासुद्धा नको. सरण पाहिलं तर "भाजत नाही का?" हे विचारणारच. उत्तर आधीच दिलेलं आहे: मेलेल्या शरीराला दुखत नाही. दहाव्याला कावळा बघून एक पोर विचारती झाली, आजी कावळा झाली का? मी म्हणाले, "नाही गं, आजीच्या आठवणीनं आपण कावळ्याला जेवू घालतोय." घरच्यांना ते पटलं.

नंतरच्या आठवड्यांत सुटलेली सवय परत येते: अंथरुणात शू, अंगठा चोखणं, बोबडं बोलणं. लाजवू नका, गोधडी बदला आणि पुढं चला. पोट दुखतं म्हणून अंगणवाडीला यायचं टाळतील. थोडा वेळ का होईना, घेऊन या. तीच वेळ, तीच खिचडी, तीच गाणी, यानं लेकरू सावरतं. काही लेकरं बाहुली निजवून मयताचा खेळ मांडतात. अपशकुन म्हणून मोडू नका. जे बोलता येत नाही ते ती खेळून बघतात.

मनात काय चाललंय ते मात्र आडून विचारत राहा. पाच वर्षांच्या एका पोरानं मला तीन आठवड्यांनी सांगितलं की रात्री त्यानं पाणी मागितलं, आजी उठली, म्हणून मेली. तीन आठवडे एवढंसं लेकरू हे घेऊन फिरत होतं. त्याला मी रोज सांगायचे, "तुझ्यामुळं नाही. आजीचं काळीज आजारी होतं." ऐकून ऐकून एके दिवशी त्यानंच ते दुसऱ्या पोराला सांगितलं.

"मलापण आजीकडं जायचंय" असं लेकरू म्हणालं तर घाबरून ओरडू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ, मला आजी पाहिजे, एवढाच असतो. पण तेच तेच म्हणत राहिलं, कित्येक आठवडे नीट खात-झोपत-खेळत नसेल, बोलणंच थांबलं असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासायला येतं, तेव्हाही सांगता येतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर रात्रंदिवस फुकट फोन लागतो, मराठीत बोलता येतं. लेकराला कुणी टाकलं असेल, मारहाण होत असेल तर लेकरांसाठीच्या हेल्पलाइनला, 1098 ला फोन करा.

आता दोन्ही एकदम झालेलं एक घर. पौषात आजी वारली, लेक-सून तोडीवर. ती दोघं दहाव्याला आली आणि उचल फिटली नव्हती म्हणून चौथ्या दिवशी परत गेली. पाच वर्षांची नात आत्याकडं राहिली. चिंचोक्यांचा डबा आईचा चालू होताच. तिनं मला विचारलं, "आजीचा डबा नाही का?"

मी म्हणाले, "डबा येणाऱ्या माणसाचा असतो. आजी येणार नाही."

"मग आजीचं काय?"

मला पटकन सुचलं नाही. आत्यानं आतून आजीची पानाची चंची आणून तिच्या हातात दिली. चुन्याची डबी काढून घेतली, अडकित्ता काढून घेतला, बाकी सुपारीचा वास तसाच होता. त्यानंतर ती रोज सकाळी चिंचोका टाकायची आणि चंची उघडून वास घ्यायची. कधी आजीची एखादी गोष्ट सांगायची, कधी नुसतीच मिटून ठेवायची. मी आणि मदतनीस ताईंनी ठरवलं होतं की ती बोलली तर ऐकायचं, गप्प राहिली तर विचारायचं नाही.

होळीनंतर नवव्या दिवशी तिच्या आईची गाडी आली. पोर आत्याच्या मागं लपली. बाया हसून म्हणायला लागल्या, आईला वळखत नाहीस का गं? मी त्यांना थांबवलं. लेकरं रागावलेली असतात, आणि तो राग जायला दोन-तीन दिवस लागतात. आईनं हात पुढं केला नाही, तिथंच ओट्यावर बसून राहिली. मी आधीच तसं सांगून ठेवलं होतं. संध्याकाळी पोरीनं डबा आणून आईच्या पायाशी पालथा केला. मग आत गेली आणि चंची घेऊन आली.