कॉपीचा वेग ११ एमबीवरच अडकला होता

भावाचं लग्नाच्या शूटिंगचं काम. त्याचे व्हिडिओ ठेवायला जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स आणि सांबा (नेटवर्कवरून फाइली शेअर करणारं सॉफ्टवेअर) टाकून घरीच सर्व्हर केलाय. पण कॉपी सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. "दादा, हार्डडिस्क गेली बघ," असं त्याचं पालुपद.

मला डिस्कचा संशय नव्हता. डिस्क बिघडली की वेग वरखाली होतो, असा ठरावीक आकड्यावर चिकटून बसत नाही. आयपर्फ३ (डिस्क बाजूला ठेवून फक्त नेटवर्कचा वेग मोजणारं टूल) लावून नुसतं नेटवर्क मोजलं: सेकंदाला ९४ मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे तेच ११ एमबीच्या आसपास. अडथळा नेटवर्कमध्येच, म्हणजे सांबाच्या सेटिंगला हात लावायचीही गरज नव्हती. सर्व्हरवर इथटूल (नेटवर्क कार्डाची माहिती दाखवणारी कमांड) चालवलं, तर लिंकचा स्पीड १०० मेगाबिट! कार्ड, राउटर दोन्ही गिगाबिट (१००० मेगाबिट) असताना.

राहिली केबल. गच्चीवरून खाली आणलेली, सोलापूरचं ऊन खाऊन कडक झालेली. आरजे४५चं टोक (केबलचा प्लग) उजेडात धरलं तर तपकिरी तार पिनेपर्यंत पोचलीच नव्हती. इथंच मेख आहे. १०० मेगाबिटला नारिंगी आणि हिरवी अशा दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला आठही तारा लागतात. उरलेल्या चारांपैकी एक जरी तुटली तरी बरीच कार्डं तक्रार न करता १०० वर उतरतात आणि नेट चालूच राहतं, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही.

टोक कापून क्रिंपिंग केलं, म्हणजे नवा प्लग दाबून बसवला. इथटूलमध्ये १००० दिसलं आणि कॉपी ११० एमबीला भिडली. फोटोंच्या हजारो बारक्या फाइली मात्र अजून रेंगाळतात. त्या झिप करूनच पाठव, असं भावाला सांगितलंय.