चप्पल लाइनमधले दुकान संकेतस्थळावर नेण्यापूर्वी

दसरा-दिवाळीच्या गिऱ्हाइकीआधी कोल्हापुरातल्या चप्पल लाइनमधील एखादे दुकान स्वतःचे संकेतस्थळ सुरू करणार असेल, तर दृष्टिहीन किंवा माउस हाताळू न शकणाऱ्या ग्राहकालाही खरेदी करता यावी म्हणून सर्वांत आधी माउस बाजूला ठेवून, केवळ कीबोर्डच्या आधारे एक जोड निवडून पैसे भरण्याच्या पानापर्यंत पोहोचता येते का, हे पाहावे. टॅब दाबत जाताना आपण नेमके कोठे आहोत हे दाखवणारी चौकट प्रत्येक थांब्यावर स्पष्ट दिसली पाहिजे; ती दिसायला बरी नाही म्हणून काढून टाकण्याची डिझायनर मंडळींची हौस येथे पुरवू नये.

सर्वाधिक वेळ मापाच्या निवडीला द्यावा, कारण घोडे अडते ते बहुधा तेथेच. सहा, सात, आठ हे आकडे नुसत्या रंगवलेल्या चौकोनांत मांडलेले असतील, तर ती दाबायची बटणे आहेत हे स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, कळतच नाही; म्हणून तेथे खरी रेडिओ बटणे (अनेक पर्यायांतून एकच निवडू देणारी) वापरावीत, त्यांच्या गटाला ‘चपलेचे माप’ असे नाव द्यावे आणि शिल्लक नसलेले माप फिकट करतानाच ‘संपले’ असे शब्दांतही लिहावे. ‘पिशवीत टाका’ दाबल्यावर कोपऱ्यातला आकडा बदलतो, पण दृष्टिहीन ग्राहकाला त्याचा पत्ता लागत नाही. एरिया-लाइव्ह (aria-live, म्हणजे बदललेला मजकूर वाचून दाखव असे स्क्रीन रीडरला सांगणारी कोडमधली खूण) लावलेल्या जागेत, समजा कापशी प्रकारची चप्पल घेतल्यावर, ‘कापशी, माप आठ, पिशवीत जमा’ असा मजकूर आला, की तो आपोआप वाचला जातो. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर आणि अँड्रॉइड फोनवरच्या टॉकबॅक या स्क्रीन रीडरवर हे प्रत्यक्ष ऐकावे. पानाच्या एचटीएमएल कोडमध्ये त्याची भाषा मराठी म्हणून नोंदवावी, नाहीतर इंग्रजी आवाज देवनागरीची पार दैना करतो.

चामड्याच्या रंगाशी मिळतीजुळती फिकट अक्षरे मोहक वाटतात खरी. पण संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या निकषांच्या २०२३ मधील २.२ आवृत्तीत ‘एए’ या मधल्या पातळीसाठी साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद फरक) किमान ४.५:१ आणि दाबायची जागा, काही अपवाद सोडल्यास, किमान २४ × २४ सीएसएस पिक्सेल असावी लागते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचे चिन्ह लावल्यास त्यालाही, चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचू शकेल असा, पर्यायी मजकूर द्यावा.

पत्त्याच्या प्रत्येक रकान्याला लेबल असावे, आणि पिनकोड चुकल्यास चौकट नुसती लाल न करता ‘पिनकोड सहा अंकी हवा’ असे शेजारीच लिहावे. पैसे भरण्याचे पान बहुधा दुसऱ्या कंपनीचे असते. करार करण्यापूर्वी कीबोर्डची चाचणी तेथेही घ्यावी आणि ते पान त्यात उतरत नसेल, तर माल घरी पोहोचल्यावर रोख देण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवावी.