डीजनरेशनची स्लाइड ओळखताना या चुका टाळा

डीजनरेशन म्हणजे इजेमुळे पेशीत होणारा बिघाड. लिव्हरच्या पेशीत पांढरे गोल व्हॅक्युओल (पोकळ्या) दिसले की ‘फॅटी चेंज’, म्हणजे चरबी साठली, असं लिहून मोकळं व्हायचं, ही एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षातल्या पॅथॉलॉजीतली ठरलेली घाई. बहुतेकदा उत्तर बरोबरही निघतं, त्यामुळे सवय सुटत नाही. पण तो व्हॅक्युओल रिकामा आहे! तुकड्याचा मेणाचा ब्लॉक बनवताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून गेली, उरली ती तिची जागा. पाणी किंवा ग्लायकोजेन (साठवलेली साखर) साठलं तरी पेशी अशीच पोकळ दिसते.

म्हणून आधी न्यूक्लियस (पेशीचं केंद्रक) बघा. चरबीचा मोठा थेंब त्याला कडेला ढकलतो आणि व्हॅक्युओलची कड रेखीव असते. हायड्रोपिक चेंजमध्ये, म्हणजे पाणी साठल्यावर, पेशी फुगून फिकट होते, न्यूक्लियस मात्र मधेच राहतो. अर्थात हाही नियम डोळे झाकून लावू नका. राय सिंड्रोममध्ये (लहान मुलांमधला लिव्हर आणि मेंदूचा आजार) किंवा गरोदरपणातल्या अ‍ॅक्यूट फॅटी लिव्हरमध्ये थेंब बारीक असतात, न्यूक्लियस जागचा हलत नाही.

खात्री करायची तर ऑइल रेड ओ हा चरबी रंगवणारा स्टेन, पण नेहमीच्या पॅराफिन (मेणाच्या) सेक्शनवर, म्हणजे कापावर, नव्हे. चरबी तिथून आधीच गेलेली असते. गोठवून कापलेला फ्रोझन सेक्शनच हवा. ग्लायकोजेनची शंका असेल तर पीएएस स्टेन करा. डायस्टेज (ग्लायकोजेन तोडणारं एन्झाइम) दिल्यावर रंग गेला, तर ते ग्लायकोजेन.

नुसतं ‘हायलिन’ लिहिलेलं उत्तर मला अर्धवट वाटतं. गुलाबी, एकसंध, काचेसारखं, एवढंच त्यातून कळतं. लिव्हरच्या पेशीतल्या मॅलरी बॉडीत केराटिन असतं, प्लाझ्मा पेशीतल्या रसेल बॉडीत इम्युनोग्लोब्युलिन (अँटिबॉडीचं प्रथिन), दोन्ही हायलिनच. कुठल्या पेशीत, कुठल्या जागी दिसलं ते लिहा. अमायलॉइड हे चुकीच्या घडीचं प्रथिनही असंच गुलाबी, फक्त पेशींच्या बाहेर साठलेलं. त्याला काँगो रेड स्टेन लावून पोलराइज्ड प्रकाशात सफरचंदी हिरवी झाक शोधायची. ती दिसत नसेल तर सेक्शनची जाडी विचारा. रोजच्या 3-4 मायक्रॉनच्या सेक्शनमध्ये ती हुकू शकते, 8 ते 10 मायक्रॉनचा कापून घ्या.

टायफॉइडमधलं पोटाच्या स्नायूंचं झेंकर डीजनरेशन तोंडी परीक्षेत हमखास फसवतं, कारण नावात डीजनरेशन आहे. ते कोअ‍ॅग्युलेटिव्ह नेक्रोसिस आहे, म्हणजे पेशी मरते, परत सावरत नाही.

आणि किडनीच्या ट्यूब्यूल (सूक्ष्म नळ्या) सगळीकडे सारख्याच धूसर, न्यूक्लियस पुसट, आजूबाजूला दाहाचा मागमूस नाही, असं दिसलं तर क्लाउडी स्वेलिंग (पेशी फुगून धूसर होणं) म्हणण्याआधी ऑटोलिसिसची, म्हणजे शरीराबाहेर काढल्यावर पेशी आपोआप विरघळल्याची, शंका घ्या. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (टिकवणाऱ्या द्रावणात) किती उशिरा पडला ते विचारा. फॉर्मॅलिन तुकड्याच्या निदान दहापट हवं, बरणीच्या तळाशी ओतलेलं बोटभर नव्हे.