जुन्या सीएनसीचा स्टेपर स्टेप मिस करतोय? करंट वाढवायच्या आधी वायरी मोजा

जुन्या मशीनवर नव्याने काम शिकणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण माझे यात दोन आठवडे गेले. आमच्या सीएनसी राऊटरचा (कटर फिरवून लाकूड वगैरे कापणारं मशीन) एक्स अ‍ॅक्सिस रॅपिडला (न कापता वेगाने सरकताना) स्टेप मिस करायचा, म्हणजे मोटर सांगितलं त्यापेक्षा कमी फिरायची, हळू कटिंगला काही त्रास नाही, आणि मोटर एवढी तापायची की हात ठेववत नव्हता. स्टेपर (ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर) मुळात गरमच चालतो, ७०-८० डिग्रीला घाबरायचं कारण नाही, पण हे त्याच्याही पुढचं वाटत होतं. ड्रायव्हरच्या (मोटरला करंट देणारं सर्किट) डिप स्विचवर (करंट ठरवणारे छोटे स्विच) ४.२ अँपिअर पीक (कमाल) लावलेलं, म्हणजे ३ अँपिअर आरएमएस (परिणामकारक करंट), आणि मोटरच्या प्लेटवर पण ३ अँपिअर, मग चुकतंय कुठे तेच कळेना.

आधी मेकॅनिकल बाजू तपासली, तुम्हीही तेच करा. कपलिंग आणि शाफ्टवर मिळून मार्करने एक सरळ रेघ मारायची, मशीन चालवायचं आणि रेघ तुटलेली दिसली तर ग्रब स्क्रू (कपलिंग शाफ्टवर आवळणारा छोटा स्क्रू) ढिला आहे, करंटचा काही संबंध नाही. मग डायल गेज (बारीक सरक मोजणारं काट्याचं मीटर) लावून अ‍ॅक्सिस वीस वेळा रॅपिडने मागेपुढे पळवला. फरक दरवेळी तेवढाच राहिला तर बॅकलॅश (दिशा बदलताना येणारी ढिलाई) समजा, फेरीगणिक वाढत गेला तर स्टेप जातायत. माझा वाढत होता.

शेवटी मोटरचं टर्मिनल उघडलं तर आतून आठ वायरी, आणि कोणीतरी कधीकाळी सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडलेल्या. इथेच सगळी गोम होती. आठ वायरींच्या मोटरवर छापलेला करंट बहुतेक वेळा एकेका वाइंडिंगचा (आतल्या तारेच्या गुंडाळीचा, म्हणजे कॉइलचा) असतो (डेटाशीट मिळाली तर खात्री करा). सिरीजला त्याच्या ०.७ पटच द्यायचा, म्हणजे ३ च्या जागी साधारण २.१. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे मी मोटरला जवळजवळ दुप्पट तापवत होतो. आणि सिरीजमध्ये इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइलचा विरोध) पॅरललच्या (शेजारी-शेजारी जोडण्याच्या) चौपट, म्हणून वेगात कॉइलमध्ये करंट चढायच्या आतच पुढची स्टेप येते, तिथे डिप स्विच कितीही फिरवा काही होत नाही. तिथे कामाला येतो तो सप्लायचा व्होल्टेज.

पॅरलल केलं, सेटिंग तेच ३ आरएमएस ठेवलं. पॅरललला ४.२ आरएमएस चाललं असतं, म्हणजे हळू वेगातला टॉर्क थोडा कमीच मिळतो, पण आमच्या कामाला पुरतो. मोटर कोमट राहिली आणि वीस फेऱ्यांनंतर गेजचा काटा शून्यावर.

वायरींना हात लावायच्या आधी पॉवर बंद करा आणि सप्लायचे कपॅसिटर डिस्चार्ज होईपर्यंत थांबा. चालू ड्रायव्हरवरून मोटरचा कनेक्टर कधीच ओढू नका, ड्रायव्हर जागच्या जागी उडू शकतो. वायरींच्या जोड्या ओळखायला मीटर नसेल तर सुट्या केलेल्या वायरींपैकी दोन एकमेकींना टेकवा आणि शाफ्ट हाताने फिरवा, जड लागला तर त्या एकाच कॉइलच्या.