कातडी जाड असली तर?

अनुवादाच्या कामाला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात एक नोकरीची जाहिरात हाती आली. तक्रारी ऐकायचं काम. उमेदवाराची 'थिक स्किन' हवी. मी बेधडक लिहून टाकलं, 'उमेदवार गेंड्याच्या कातडीचा असावा.' संपादकांनी लाल पेनाने गोल केला आणि विचारलं, "असा माणूस कोण नेमेल हो?"

आपल्याकडे गेंड्याची कातडी म्हणजे निर्लज्जपणा. इंग्रजीत टोमणाही असतो, पण पुष्कळदा ते कौतुकच असतं: लोकांचं बोलणं मनाला लावून न घेणारा. 'थिन-स्किन्ड'ला मी बरेच दिवस 'हळवा' लिहीत असे, तेही चूक. हळव्या माणसाबद्दल आपल्याला माया वाटते. हा मात्र जरा बोललं की फुगणारा.

म्हणून नव्यांना सांगते, इंग्रजी-मराठी शब्दांची यादी पाठ करू नका. वहीत शब्दाबरोबर तो कोण कोणाला म्हणतंय तेही लिहा. जिथे जोडी जुळते तिथे वेळ घालवू नका: 'सेव्ह युअर स्किन' म्हणजे सरळ कातडी वाचवणं. 'बाय द स्किन ऑफ माय टीथ'वर मात्र थांबा. दातांना कातडी कुठली! १५६०च्या जिनिव्हा बायबलमध्ये, म्हणजे बायबलच्या एका जुन्या इंग्रजी भाषांतरात, ईयोब नावाच्या दुःख सोसणाऱ्या भक्ताच्या तोंडी जवळजवळ हेच शब्द आहेत. आज अर्थ एवढाच की अगदी थोडक्यात निभावलं.

'स्किन' हे क्रियापदही आहे. कोंबडीला लावलं की सोलणं, पण 'आय स्किन्ड माय नी' म्हणजे गुडघा नुसता खरचटला. हे कळेपर्यंत मी एका बालकथेतल्या पोराचा गुडघा सोलून ठेवला होता. 'इच' आणि 'स्क्रॅच'चीही गल्लत होते. खाज सुटते ती 'इच', खाजवतो ते 'स्क्रॅच'. आणि 'इची फीट' दिसलं तर मलम शोधू नका, त्या माणसाच्या पायाला भिंगरी आहे.

मला सगळ्यात छळलं ते दुधाने. तापवलेल्या दुधावर धरते तिलाही इंग्रजीत 'स्किन'च म्हणतात, आणि बरेचजण ती नाक मुरडून काढून टाकतात. तेव्हा एका आजीच्या आठवणी इंग्रजीत नेताना 'नातवंडं म्हणजे दुधावरची साय' या ओळीपाशी मी अडले. 'स्किन' लिहिलं असतं तर नातवंडं चमच्याने बाजूला काढायची वस्तू झाली असती. शेवटी 'क्रीम' लिहिलं. आजीची साय काही त्यात उतरली नाही.