कुळागर चौघांचं, सह्या आठ

आई गेल्यावर पाहिलं तर डिचोलीजवळच्या आमच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेच्या, एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या हक्कनोंदीवर) अजून वडिलांचंच नाव. आम्ही दोघे भाऊ, दोघी बहिणी. मला वाटलं होतं, भावांनी सह्या केल्या की झालं. वकिलांनी तिथेच थांबवलं. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा-मुलगी समान वाटेकरी. शिवाय वेगळा करार नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणजे दोन्ही भावोजी आणि आमच्या बायका यांच्याही सह्या हव्यात. बहिणींना न विचारता मी पुढे निघालो होतो, याचं अजून वाईट वाटतं.

मग ताईला फोन केला. ती आली, विहिरीच्या काठावर बसून तिने पोफळी नि माड मोजून वहीत लिहिले. तीच यादी कोर्टातल्या इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांमधल्या वाटणीच्या कामकाजात, उपयोगी पडली. तिथे वारसांना आपापसांत बोली लावता येते. घर धाकट्याने घेतलं आणि आम्हा तिघांना हिश्श्याचे पैसे दिले. कुळागर मात्र सामाईकच ठेवलं. शेवटी मामलेदार कार्यालयात म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावरच्या नावांचा फेरफार, केलं. नव्या उताऱ्यावर ताईने आपल्या नावावरून दोनदा बोट फिरवलं.